बिजागरी

कुणी घराची पारख अंगणावरून करतो, कुणी देव्हाऱ्यावरून. आमचे अण्णा ती दाराच्या बिजागरीवरून करतात. कुणाच्याही घरी गेले, की चहा येण्याआधी ते दार एकदा हळूच पुढेमागे करून पाहतात. दार कुरकुरले तर त्यांचा चहाही बिघडतो! अण्णा सुतार आहेत. हे वाक्य इतक्या सरळपणे लिहायला मला तीन वर्षे लागली.

माझ्याजवळ एक लॅपटॉप आहे. मामेभावाने वापरून झाल्यावर दिलेला. माझी टिपणे, निबंध, तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प, सारे काही त्याच्या पोटात. गेल्या पावसाळ्यात एके सकाळी त्याचे झाकण उघडताना डाव्या कोपऱ्यात 'कट्' असा आवाज झाला आणि पडद्याखालच्या सांध्याशी बोटभर फट पडली. मी झटपट चिकटणारा गोंद आणून त्या फटीत ओतला. दोन दिवस स्वर्गसुख! तिसऱ्या दिवशी पुन्हा 'कट्'. गोंदाचा पांढरा डाग तेवढा मागे राहिला. शहरातल्या एका दुकानात दाखवला, तर खालचा सांगाडाच बदलावा लागेल, ३,५०० रुपये पडतील, असे उत्तर मिळाले. मेसचे पैसे जेमतेम भरणारी मी. पडदा भिंतीला टेकवून काम रेटू लागले.

प्रकल्प सोमवारी द्यायचा होता. आदल्या शनिवारी पडदा पारच लोंबू लागला, तेव्हा लॅपटॉप छातीशी धरून मी एस.टी.ने गावी आले. अण्णा ओसरीवर पटाशीला धार लावत बसले होते.

"काय झालं गं?"

"बिजागरी मोडली, अण्णा."

त्यांनी पटाशी खाली ठेवली. "ह्यालाबी बिजागरी असती व्हय?"

शेजारच्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांकडून बारीक पेचकस आणले. अण्णांनी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर लॅपटॉपची आकृती काढली, स्क्रूच्या जागी भोके पाडली आणि निघालेला प्रत्येक स्क्रू ज्याच्या त्याच्या भोकात खोचला. "लांब स्क्रू आखूड जागी गेला, तर पलीकडनं बाहेर येतो," ते म्हणाले. लॅपटॉप त्यांनी जन्मात कधी उघडला नव्हता. पण स्क्रू त्यांच्या ओळखीचे होते! तळाचे पत्रेवजा झाकण जुन्या एटीएम कार्डाने सोडवले. बॅटरीची जोडणी आधी काढली पाहिजे, एवढे मात्र मला ठाऊक होते. ती मी काढली.

आतले दृश्य पाहून मी गारच झाले. बिजागरीचे पोलादी पाऊल सांगाड्यातल्या तीन खांबांवर बसवलेले असते. खांब प्लॅस्टिकचे, करंगळीच्या नखाएवढे. प्रत्येकात एकेक आटे पाडलेली पितळी नळी रोवलेली. त्यांतले दोन खांब मुळापासून उपटले होते आणि नळ्या बिजागरीलाच लोंबत होत्या. शेजारून पडद्याकडे जाणारी नाजूक वायर मात्र सुदैवाने शाबूत होती. ती तुटती तर पडदा आंधळाच झाला असता.

"बिजागरी शाबूत हाय, पोरी. तिला धरणारं मोडलंय."

मी लगेच चिकटवायला निघाले. अण्णांनी हात धरला. "थांब. का मोडलं, ते बघू."

दुकानदाराला हा प्रश्न पडला नव्हता, मलाही नाही. अण्णांनी बिजागरी मोकळी करून हातात घेतली, उघडमीट करून पाहिली. चांगलीच ताठरली होती. दाराची बिजागरी जितकी हलकी फिरेल तितकी चांगली. हिचे तसे नव्हे. पडदा जिथे सोडाल तिथेच थांबावा, म्हणून हिच्या दांड्यावर वायसर रचून टोकाच्या नटाने आवळलेले असतात आणि त्यांच्या घर्षणावर सारा पडदा तोललेला असतो. वंगण वाळले, की हे घर्षण वाढते. मग आपण झाकण उचलतो, बिजागरी वळत नाही आणि तो सारा जोर खालच्या बिचाऱ्या प्लॅस्टिकवर येतो. त्यात मी झाकण नेहमी एकाच कोपऱ्याला धरून उघडायची!

"आधी हिचा ताठा उतरवू. न्हाईतर कितीबी चिकटव, पुन्ना उपटणार." त्यांनी नट पाव फेरा सैल केला, फिरवून पाहिले, मान हलवली.

पुढचे काम मात्र माझ्याकडे आले. "माझी बोटं जाड. तू कर, मी सांगतो." जुना गोंद खरवडला, पॉलिशपेपरने प्लॅस्टिक खरखरीत केले, स्पिरिटने पुसले. स्क्रूंना मेणबत्तीचे मेण चोळले, म्हणजे गोंद आट्यांत धरत नाही. ॲराल्डाइटच्या दोन्ही नळ्यांतले समसमान घेऊन काडीने घोटले आणि पितळी नळ्यांच्या बुडाशी हळूहळू भरले. बिजागरी जागेवर बसवून स्क्रू बेताचे आवळले. "आता उद्या ह्याच वेळेपर्यंत हात लावायचा न्हाई."

रविवारचा तो दिवस संपता संपेना! अण्णा मला कामावर घेऊन गेले. एका दाराची चौकट बसवताना त्यांनी ओळंबा धरायला मला लावले. लहानपणी मी तो रोज धरायची. कधी सोडला, आठवेना.

संध्याकाळी सारे जोडले. अण्णा म्हणाले, "मधोमध धर." मी झाकण उचलले. ते मुकाट्याने वर आले आणि जिथे सोडले तिथे थांबले. पडदा उजळला. "काय लिवतीस ते दाव की," अण्णा म्हणाले. घाईघाईत मी भलतीच फाइल उघडली. माझा प्रवेश अर्ज. अण्णा एकेक अक्षर लावीत वाचू लागले. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'शेती' असे लिहिले होते.

मी मान वर केली नाही. जरा वेळाने अण्णांचा आवाज आला, "वीस गुंठे हायेत की आपले." आणि ते उठून पेचकस परत द्यायला गेले.

सोमवारी प्रकल्प दिला. सांध्याजवळचा पांढरा डाग पाहून मैत्रिणीने विचारले, "कुठे गं दुरुस्त करून घेतलास?" मी नुसते "गावाकडे" म्हणाले. उत्तर अर्धेच राहिले. ते पुरे करायला हे पान मागून घेतले आहे. माझ्या वडिलांनी तो दुरुस्त केला. ते सुतार आहेत.