चोडणच्या खाजनातील पाणमांजरे

मांजरा आणि भीमा यांच्या काठी राहणाऱ्या आमच्या कुटुंबांपैकी जी गोव्यास जातात, ती बहुधा जुन्या गोव्यातील ख्रिस्तमंदिरे पाहून परततात. त्याच मांडवी नदीत चोडण नावाचे बेट आहे. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने तेथे जाता येते. बेटाच्या पश्चिम टोकास, तिवरांच्या दाटीत, १९८८ साली घोषित झालेले डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. लोक तेथे पक्षी पाहण्यास जातात. आम्ही मात्र कॅमेरा घेऊन पाणमांजराच्या शोधात गेलो होतो.

बेटावरील सखल शेतीस खाजन म्हणतात. खारे पाणी मातीच्या बांधाने अडविलेले असते, आणि बांधात मानस नावाचे लाकडी दार असते. भरतीच्या रेट्याने ते आपोआप मिटते व ओहोटीस उघडते. या दारापाशी मासे गोळा होतात, म्हणून कोळी तेथे जाळे लावतो आणि पाणमांजरही तेथेच येते.

पहिल्या सकाळी केवळ खुणा दिसल्या: चिखलात पडदा असलेल्या पंज्यांचे ठसे आणि बांधावर माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा. दुसऱ्या दिवशी उजाडताच पाच डोकी पाण्यावर आली. शेपूट चपटे, अंगावरचे केस आखूड व तुळतुळीत. ओळीने पोहत त्यांनी मासे उथळ पाण्याकडे हाकलले. परदेशात कातड्यासाठी ज्याची पिंजऱ्यांत पैदास करतात तो मिंक याच कुळातला.

छायाचित्र घेणाऱ्याने वारा आपल्या तोंडावर येईल असे बसावे, हालचाल टाळावी, आणि बिळाजवळ कधीही जाऊ नये. हिवाळ्यात आत पिल्ले असतात. घाबरलेली आई बीळ सोडून जाते. अशा वेळी चित्र मिळाले तरी ते महाग पडते.

कोळ्याची तक्रार खोटी नव्हे. जाळे फाटले की त्या दिवसाची मिळकत बुडते, आणि ते दुःख दुरून आलेल्या हौशी माणसाने हसण्यावारी नेऊ नये. तथापि ज्या पाण्यात पाणमांजर टिकते त्या पाण्यात मासाही टिकलेला असतो. वाळूचा बेसुमार उपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी आणि सांडपाणी यांनी नदी मेली, तर दोघेही उपाशी राहतील.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने या प्राण्याची शिकार निषिद्ध आहे. २०१९ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही कडक बंदी आली. तरीही कातड्यासाठी सापळे लावले जातात. वाचकहो, आपल्या मुलांना नदीकाठी पाणमांजर दिसले, तर त्यांच्या हातातील दगड खाली ठेवावयास सांगा आणि क्षणभर पाहू द्या. एवढे शिक्षण घरीच देता येते.