जवळचे पाणी

आमच्या छत्रपती संभाजीनगरला समुद्र नाही. हे वाक्य भूगोलाच्या पुस्तकात शोभेल. पण गेल्या दिवाळीपासून ते आमच्या घरात रोज उच्चारले जाते, आणि तेही तक्रारीच्या सुरात. कारण माझी भाची पाणबुडी झाली आहे. हा शब्द तिला मान्य नाही. "मामा, पाणबुडी नौदलाकडे असते. मी स्कूबा डायव्हर आहे!" मराठीच्या प्राध्यापकाला घरात एवढे ऐकून घ्यावेच लागते.

अंदमानात चार बुड्या मारून तिने प्रमाणपत्र मिळवले. १८ मीटरपर्यंत जाण्याची मुभा. लगेच तिला मालदीव दिसू लागले, आणि ताईची झोप उडाली. मी मालवण सुचवले. दोन्ही नावांत 'माल' आहे. तडजोडीला एवढे पुरे.

आमच्या गावाकडे पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोरे विहिरीत पोहायला शिकत. डबा सुटला म्हणून कोणी लगेच गोदावरीच्या पुरात उडी घेत नसे. तीच विहीर, तेच मुटके, सबंध उन्हाळाभर! एम. ए.ची पदवी खिशात असूनही पहिल्या तासाला घशाला कोरड पडतेच की.

पाण्याखाली तर ही कोरड महागात पडते. १० मीटरवर दाब दुप्पट होतो. तिथे छातीत भरलेली हवा रोखून धरून वर यावे, तर ती फुगते आणि फुप्फुसाला इजा करते. म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिला नियम. पाठ व्हायला पाच मिनिटे लागतात. पण मास्कमध्ये पाणी शिरले की छाती आपोआप आखडते. ती आखडू नये, यासाठी पुन्हा पुन्हा पाण्यात उतरण्यावाचून उपाय नाही. शिवाय नवखा माणूस हातपाय फार मारतो. त्यामुळे सिलिंडरमधली हवा भराभर संपते.

मालवणचे पाणी अंदमानसारखे नितळ नाही, हे कबूल. पण नजर दूर पोहोचत नाही, म्हणून जोडीदाराकडे लक्ष ठेवायची सवय तिथेच लागते. १६६४ साली शिवाजी महाराजांनी पायाभरणी केलेला सिंधुदुर्ग समोर उभा, १९८७ पासूनचे सागरी अभयारण्य भोवती, आणि जवळच तारकर्लीला पर्यटन महामंडळाची डायव्हिंग शिकवणारी संस्था. हौशी पर्यटकांना तिथले प्रशिक्षक धरून खाली नेतात. प्रमाणपत्रवाल्यांनीही वाटाड्या घेण्यात कमीपणा मानू नये.

जानेवारीत आम्ही गेलो. येथून ५०० किलोमीटरहून अधिक अंतर. ते 'जवळ' म्हणताना ताई हसलीच. पहिल्या बुडीनंतर भाची चिडून वर आली. "नुसती वाळू दिसली, मामा!" हवेचा काटा ५० वर आलेला. मी होडीत जीव मुठीत धरून बसलो होतो, त्यामुळे वाळूबद्दल माझी काही तक्रार नव्हती. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या बुडीनंतर, मासे किती दिसले ते सांगायचे सोडून तिने काटाच माझ्यापुढे धरला: ८०! तेवढाच वेळ, तेवढीच खोली, आणि हवा ३० बार जास्त शिल्लक.

मालदीवचे अजून ठरलेले नाही. पावसाळ्यात बंद असलेले मालवणचे डायव्हिंग पुन्हा सुरू झाले आहे, आणि ताई आजच चिवड्याचा वेगळा डबा भरून ठेवते आहे.