प्रास्ताविक मानसशास्त्र: भाज्यातील एका विद्यार्थिनीचा अभ्यास

मानसशास्त्र म्हणजे वर्तनाचा आणि मानसिक प्रक्रियांचा शास्त्रीय अभ्यास, ही व्याख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांच्या वहीत पहिल्याच तासाला उतरते. ती पाठ व्हायला एक संध्याकाळ पुरते. तिच्यात सांगितलेली शिस्त अंगवळणी पडायला मात्र वर्ष जाते, आणि ती पडते ती प्रात्यक्षिकांच्या तासाला.

प्रस्तुत लेखिका मावळातल्या भाजे गावची. मळवली स्टेशनवरून लोकल पकडली की पुढचेच स्टेशन लोणावळा. तिथल्या महाविद्यालयात तिने हा विषय घेतला. गावात विषयाचे नाव सांगितले की प्रश्न ठरलेला: ‘मग माझ्या मनात काय चाललंय, सांग बरं.’ मन ओळखण्याची अशी कोणतीही विद्या अभ्यासक्रमात नसते. १८७९ मध्ये विल्हेल्म वुंट यांनी लाइपझिगला प्रयोगशाळा उभारली, तिथपासून या शास्त्राची सुरुवात मानतात. भारतात कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. हा इतिहास परीक्षेपुरता वाचला जातो. विषय पकड घेतो तो संवेदन आणि अवधान या प्रकरणांपासून.

एकच उद्दीपक वारंवार येत राहिला की त्याला मिळणारी प्रतिक्रिया मंदावते. याला सवयीकरण म्हणतात. मळवलीत रुळांलगत राहणाऱ्यांची झोप गाडीने मोडत नाही, मुक्कामाला आलेला पाहुणा मात्र दर गाडीला दचकतो. अवधानाचे उदाहरण तर गावाच्या डोंगरातच आहे. भाजे लेणी इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासून खोदली गेली. तिथल्या चैत्यगृहातले अष्टकोनी खांब सरळ उभे नाहीत, आत कललेले आहेत. लाकडी बांधकामाची ती दगडातली नक्कल आहे. लहानपणापासून तिथे खेळलेल्या लेखिकेला हा कल दिसला तो कोणीतरी बोट दाखवल्यावरच. डोळ्यांवर प्रकाश पडणे ही एक गोष्ट आणि दिसणे ही दुसरी. दोन्हींमधले अंतर पुस्तकातल्या कोणत्याही आकृतीपेक्षा या खांबांनी लवकर समजावले.

प्रात्यक्षिकांत म्यूलर-लायर दृष्टिभ्रमाचा प्रयोग बहुतेक ठिकाणी करून घेतात. दोन समान रेषा. एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेले. बाहेर उघडलेल्या बाणांची रेषा लांब भासते आणि मोजून खात्री केल्यावरही भासतच राहते. सरकत्या पट्टीवर सब्जेक्टने, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग चालतो त्याने, दोन्ही रेषा समान करायच्या, प्रयोगकर्त्याने चूक मिलिमीटरमध्ये टिपायची. सरावासाठी लेखिकेने हा प्रयोग घरी आजीवर केला. आजीने चष्मा पुसला, पट्टी दोनदा पुढेमागे केली आणि विचारले, ‘दोन्ही सारख्याच असणार. नाहीतर तू कशाला विचारत बसली असतीस?’ सब्जेक्ट प्रयोगाचा हेतू ताडतो आणि त्याबरहुकूम वागतो, ही अडचण मार्टिन ऑर्न यांनी १९६२ मध्ये सविस्तर मांडली आहे. आजीने ती एका वाक्यात दाखवून दिली. सब्जेक्टला काय सांगायचे आणि काय नाही, याच्या सूचना शब्दशः लिहून का ठेवायच्या, ते त्या दिवशी नीट उमगले. हाच भ्रम डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी नीलगिरीतल्या तोडा लोकांवर तपासला होता. १९६६ मध्ये सेगल, कॅम्पबेल आणि हर्सकोविट्स यांनी अनेक समाजांची तुलना करून दाखवले, की तो सर्वत्र सारख्या तीव्रतेने होत नाही. माणूस एक, म्हणून मन सगळीकडे एकच, हे गृहीत धरता येत नाही.

अध्ययनाच्या प्रकरणात पाव्हलॉव्हचे कुत्रे आणि थॉर्नडाइकची मांजरे येतात. त्याहून अधिक शिकवतो तो आरशात पाहून तारा गिरवण्याचा प्रयोग. हात पडद्याआड, नजर आरशात, पेन्सिल ताऱ्याच्या दुहेरी रेषांमधून न्यायची. सरळ भाग कसाबसा पार पडतो. कोपरा आला की हात जागीच थिजतो, मग भलतीकडेच ओढला जातो आणि कागदावर नुसता गिचमिडकाला उरतो. फेरीगणिक वेळ आणि चुका कमी होत जातात. सराव उजव्या हाताने करूनही डावा हात सुधारतो, याला अध्ययनसंक्रमण म्हणतात. याच प्रयोगातून स्मृतीविषयी मोठा शोध लागला. १९५३ मध्ये अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर हेन्री मोलेसन यांना नवे काही आठवणीत ठेवता येईना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांच्याकडून सलग तीन दिवस तारा गिरवून घेतला. आपण हे आधी केले आहे, याची त्यांना आठवण नव्हती, तरी हात रोज सुधारत होता. कौशल्याची स्मृती आणि घटनांची स्मृती वेगळी असते, याचा हा भक्कम पुरावा ठरला.

बुद्धिमापनात मराठी मुलखाचा स्वतःचा वाटा आहे आणि तो वर्गात ठळकपणे सांगायला हवा. बिने आणि सिमों यांची १९०५ ची फ्रेंच चाचणी जशीच्या तशी इथल्या मुलांना लावणे अन्यायाचे होते. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने प्रमाणित केली; त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये निघाला. पुण्यात मानसशास्त्रज्ञ डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये बुद्धिमान मुलांच्या शिक्षणासाठी ज्ञान प्रबोधिनी ही संस्था स्थापन केली. बुद्धिमापनाबाहेरही, खुद्द लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम उभारून यौगिक क्रियांचे शरीरावरचे परिणाम उपकरणांनी मोजायला घेतले. साधकाच्या अनुभवाला मोजमापाची जोड देण्याचा तो प्रयत्न याच शिस्तीतला.

पहिल्या वर्षाचा अभ्यास उपचाराचा अधिकार देत नाही. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाला पदव्युत्तर व्यावसायिक प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते; औषध लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ आधी डॉक्टर असतो. गावात कोणाची झोप उडाली, कोणी बोलेनासे झाले, की लोक शिकणाऱ्या मुलीला गाठतात. तिने ऐकून घ्यावे, निदान करू नये आणि सरकारी रुग्णालयातल्या मनोविकार विभागाची वाट दाखवावी. गरज पडली तर सोबत जावे.