शेंद्र्याचा झारा, भाट्याची पुळण

शेंद्रा म्हटले की लोकांना कारखाने आठवतात. जालना रोडने शहराबाहेर पडून विमानतळ मागे टाकला की थोड्याच वेळात औद्योगिक वसाहतीच्या पाट्या दिसू लागतात. 2001 पासून इथे स्कोडाच्या गाड्या तयार होतात. मागाहून ऑरिक आले, रुंद रस्ते आले, पाळीच्या बसगाड्या वाढल्या. जुने गाव मात्र आजही शेंद्रा कमंगर म्हणूनच ओळखले जाते आणि उर्दू शिकवणारे आमच्यासारखे लोक त्या पाटीपाशी हमखास रेंगाळतात. कमानगर, बोलीत कमंगर, म्हणजे धनुष्य बनवणारा. जुन्या शब्दकोशांत त्याचा आणखी एक अर्थ आहे, निखळलेले हाड जागेवर बसवणारा. आमच्या बोटांचे सांधे गेली चार वर्षे आमवाताने धरलेले आहेत, त्यामुळे हा दुसरा अर्थ वाचताना आम्ही त्या पानावर जरा जास्तच वेळ थांबलो होतो.

आमची नणंद रत्नागिरीला असते. गेल्याच्या गेल्या मे महिन्यात तिच्या मुलीची मंगनीची अंगठी भाट्याच्या पुळणीत हरवली. मुलगी आठवडाभर जेवली नाही. नंदोई मस्कतला नोकरीला. दिवाळीत ते सुट्टीवर आले तेव्हा कोणाकडून तरी वापरलेले मेटल डिटेक्टर घेऊन आले आणि आम्हालाही बोलावणे धाडले. शाळेला सुट्टी होतीच. पुणे, कऱ्हाड, मलकापूर, मग आंबा घाट आणि साखरपा असा तो लांबचा प्रवास. घाटात पहाटे बसच्या खिडकीचा दांडा धरायला गेलो तर बोटे मिटेनात. आमवातात सकाळचा पहिला तास-दीड तास असाच जातो. गरम पाण्याने वुजू केला की थोडी सैल होतात.

यंत्राने काम चोख केले. वाळूवरून हळूहळू फिरवायचे, खाली धातू असला की ते वाजते. पण वाजल्यावर खणायचे कोणी? यंत्राबरोबर प्लॅस्टिकचा एक आखूड, भोके असलेला डाव होता. त्यात वाळू भरून हलवायची, वाळू गळून जाते आणि जड वस्तू वर राहते. घरात पुऱ्या तळायचा झारा असतो, तीच युक्ती. आम्ही गुडघे टेकले, चार डाव काढले, पाचव्याला मनगट सुजले. सुकी वाळू ठीक होती, पण पाण्याजवळची ओली वाळू म्हणजे लिटरला जवळजवळ 2 किलो वजन, आणि ते सगळे वाकलेल्या मनगटावर. सहाव्या डावाला प्लॅस्टिकच चिरले. मुले म्हणाली, "मामी, तुम्ही बसा. आम्ही काढतो."

मुलांनी अदबीनेच सांगितले होते. तरी वीस वर्षे फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाला 'तुम्ही बसा' हे ऐकायला फार कठीण जाते. रात्री दस्तरख्वानावर आम्हाला भाकरी मोडता येईना. नणंद काही बोलली नाही, आमच्या ताटातली भाकरी तिने कुस्करून ठेवली. अंगठी सापडली नाही. बाटल्यांची बुचे आणि खिळे निघाले, दोनची काही नाणीही निघाली. नंदोईंनी आधीच सांगून ठेवले होते की मधे एक पावसाळा गेला आहे. पावसाळ्यात समुद्र पुळणीची वाळू खेचून नेतो, पुढे ती परत आणून टाकतो. तेवढ्यात जड वस्तू कुठल्या कुठे जाते.

तिथल्या शेवटच्या दिवशी एक गोष्ट पाहिली. काजळी नदी समुद्राला मिळते तिथे ओहोटीला बायका मुळे काढायला येतात. त्यांत साठीच्या पुढच्याही होत्या. लोखंडी हत्याराने वाळू उकरायची, पाटीत ओढायची, पाटी तशीच फरफटत पाण्यात न्यायची आणि तिथे गोल हलवायची. वाळू वाहून जाते, मुळे राहतात. भरलेली पाटी कोणीच उचलत नव्हते. आम्ही बघत उभे आहोत हे पाहून एक जण म्हणाली, "बाय, वाळू काय कोण उचलतं? दर्या नेतो ती." आमच्या शहराच्या सराफ्यात दुकानांपुढची माती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी आम्ही लहानपणापासून पाहिले होते. तेही पाणीच वापरतात. पण दिसूनही लक्षात आले नव्हते.

परतल्यावर आम्ही शेंद्र्याच्या वसाहतीत एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांच्या शेडवर गेलो. पत्र्याची कामे करतात. वहीत काढलेले चित्र पाहून ते म्हणाले, "टीचर, एवढा मोठा झारा? दावत कोणाची आहे?" लांब दांड्याचे तयार झारे बाजारात मिळतात, पण ते धडधाकट पुरुषाच्या मापाचे असतात. आम्हाला आमच्या मापाचा हवा होता.

पहिला झारा फसला, आणि चूक आमचीच. डबा 15 सेंटिमीटर रुंद आणि 20 खोल सांगितला, म्हणजे साडेतीन लिटर, म्हणजे ओली वाळू 7 किलो! गणिताच्या शिक्षकांनी हसावे अशी गोष्ट. शाळेमागच्या बांधकामाच्या वाळूवर बादलीभर पाणी टाकून करून पाहिले, तो हललासुद्धा नाही. दुसऱ्या खेपेला डबा 12 सेंटिमीटर रुंद, 15 खोल केला. त्यात साधारण साडेतीन किलो मावते आणि तेही उचलायचे नाही, ओढायचे.

डब्याला भोके पाडलेला स्टेनलेस स्टीलचा पत्रा घेतला. ॲल्युमिनियम हलके पडते, पण दगडावर आपटले की ओठ वाकतो. म्हणून डबा स्टीलचा आणि दांडा ॲल्युमिनियमच्या नळीचा अशी वाटणी केली. ते दोन धातू एकमेकांना वेल्डिंगने जुळत नाहीत, त्यामुळे बोल्ट लावावे लागले. खाऱ्या पाण्यात अशा जोडापाशी ॲल्युमिनियम लवकर खाल्ले जाते, तेव्हा मिस्त्रींनी मधे रबराची चकती घातली आणि घरी आणल्यावर गोड्या पाण्याने धुवायला बजावले. भोकांवरून आमचा वाद झाला. भोक मोठे असले की वाळू झटकन गळते आणि हाताला कमी हलवावे लागते, पण कानातली कुडी निसटते. आम्हाला अंगठी हवी होती. 10 मिलिमीटरवर तडजोड झाली. चमकी हरवलेल्यांनी आमच्याकडे येऊ नये.

आता मुख्य गोष्ट. डब्याच्या पाठीवर, जिथे दांडा जोडतो तिथे, चपलेचा तळवा टेकेल अशी आडवी पट्टी लावली. झारा वाळूत पाऊल घुसवते, हात नाही. डब्याची पुढची कड फावड्यासारखी टोकदार केली, त्यामुळे शरीराचे वजन थोडे पुढे टाकले तरी पुरते. दांडा बरगडीपर्यंत येईल इतका ठेवला, म्हणजे वाकावे लागत नाही. शहरातल्या फिजिओथेरपी करणाऱ्या ताईंनी स्वयंपाकघरासाठी शिकवलेला नियम इथे लागू पडला. बोटांचे काम तळव्याला द्या, तळव्याचे कोपराला, कोपराचे खांद्याला, मनगट सरळ ठेवा. बारीक दांडा घट्ट धरावा लागतो आणि घट्ट धरणेच सांध्यांना नडते. म्हणून मुठीच्या जागी पाइपवर चढवतात तो फोम बसवला आणि वरून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या. जाडी इतकी, की बोटे पूर्ण मिटायची गरज नाही. शिवाय दांड्याच्या खालच्या बाजूला एक दोरी, ती कमरेला बांधायची. डबा भरला की दोन पावले मागे सरकायचे, झारा आपोआप पाण्याकडे येतो. दोरीची कल्पना यांची. आयुष्यभर आमच्या सामानाच्या बॅगा ओढून सुचली म्हणतात.

मजुरी घ्यायला मिस्त्री तयार नव्हते. मुलाला शिकवल्याचे काढू लागले. आम्ही पैसे टेबलावर ठेवून आलो.

या मे महिन्यात पुन्हा गेलो. दिवस मात्र चाँद बघून ठरवला. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते असा हिशेब आहे. चाँदच्या चौदाव्या-पंधराव्याला भरती साधारण अकरा-साडेअकराला येते आणि ओहोटी संध्याकाळी पाच-साडेपाचला. त्या दिवसांत उधाण असते, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा खूप मागे हटते. आमच्या बोटांनाही सकाळपेक्षा दुपारनंतरची वेळ बरी. अस्रची नमाज पढून निघायचे आणि मगरिबच्या आत परतायचे, सगळे जुळून आले. एस.टी.त कंडक्टरने झारा पाहून विचारले, "मासे पकडायचं आहे काय?" आम्ही हो म्हटले. समजावत बसलो असतो तर साखरपा आला असता.

आधी मांडवीला गेलो आणि तो दिवस वाया गेला. तिथली वाळू काळी आहे, लोक त्याला काळा समुद्रच म्हणतात. वाळूत लोहयुक्त खनिजे असली की यंत्र उगाच कुरकुरत राहते. भाट्याला, सुरूच्या बनापुढे, ते शांत झाले. यंत्र नंदोईंच्या भावाच्या हातात आणि झारा आमच्या. वाजले की पाऊल टेकायचे, दोरीने मागे यायचे, पाण्यात डबा हलवायचा. पाऊण तासात एकवीस वेळा केले. मुले मोजत होती. पाय दुखले, मनगट नाही. मधल्या भाच्याने एकदा विचारले, "मामी, मी करू?" आम्ही म्हटले, "तुझी पाळी उद्या."

अंगठी मिळाली नाही. आता मिळणारही नाही, हे भाचीने आमच्या आधी मान्य केले होते. तिचा निकाह दुसऱ्या अंगठीवर झाला. सतराव्या खेपेला मात्र डब्यात एक चांदीचा वाळा राहिला, तान्ह्या बाळाच्या पायातला, काळा पडलेला. मुलांनी जल्लोष केला आणि लगेच कोणाचा यावर वाद सुरू झाला. आपल्याकडे सापडलेल्या वस्तूला लुकता म्हणतात. वर्षभर मालकाचा शोध घ्यायचा आणि तोवर ती अमानत. देशाचा कायदाही काही वेगळे सांगत नाही. करार कायदा 1872 चे कलम 71 सापडलेली वस्तू ठेवणाऱ्यावर तशीच राखणदारीची जबाबदारी टाकते. जमिनीत दडलेले 10 रुपयांहून अधिक किमतीचे जुने धन निघाले तर 1878 च्या कायद्याने कलेक्टरला कळवावे लागते, आणि किल्ले-दर्ग्यांसारख्या संरक्षित स्मारकांच्या हद्दीत परवानगीविना खणणे मनाच आहे. दौलताबादला हे यंत्र घेऊन जाऊ का, असे एका विद्यार्थ्याने विचारले होते, त्याचे उत्तर इथेच देऊन टाकतो.

मशिदीच्या आत हरवल्या-सापडल्याचा पुकारा करत नाहीत, म्हणून जुम्म्याला दाराबाहेर सांगितले. पोलीस ठाण्यात नोंद दिली, पुळणीवरच्या नारळपाणीवाल्यांकडे नाव-पत्ता ठेवला. वाळा नणंदेच्या कपाटात आहे. त्याच्या आतल्या बाजूला एक खूण आहे, ती इथे लिहीत नाही. ज्याचा असेल तो सांगेल. मुदत पुढच्या मे महिन्यापर्यंत आहे आणि तेव्हाच्या चौदाव्या चाँदला आम्ही भाट्यालाच असू. झारा सध्या आमच्या दाराआड उभा आहे. फोम थोडा फाटलाय, या रविवारी ट्यूबची नवी पट्टी गुंडाळायची आहे.