तबकात काय घालायचं?

भेट द्यायची तर वस्तूच द्यावी, अशा मताचा मी. आणि हे मत मी गुपचूप बाळगलेलं नव्हतं. अर्थशास्त्र शिकवण्यात उभी हयात गेली, त्यामुळे चारचौघांत मत मांडायची आणि वर दोन आकडे फेकायची खोड जडलेली. दिवाळीच्या सुमारास कोणी म्हणालं, 'यंदा आम्ही वस्तूबिस्तू देत नाही हो, अनुभव देतो,' की मला चेव यायचा. अनुभव देतो म्हणजे काय? अनुभव ज्याचा त्याला येतो. तुम्ही देता ते कूपन.

कूपनांवरच्या माझ्या रागाला कारण होतं. आक्काच्या मुलानं एका पाडव्याला आईवडिलांना डोंगरावरच्या कुठल्याशा रिसॉर्टचं कूपन दिलं. दोन रात्री, जेवणखाण सगळं त्यात. फक्त शनिवार-रविवार चालणार नाही, जोडून सुट्टी आली तर चालणार नाही आणि मार्चअखेर मुदत संपणार. दाजींच्या गुडघ्याला त्या मुदतीत बरं व्हायचं सुचलं नाही. कूपन फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली अडकून राहिलं आणि एप्रिलात कचऱ्यात गेलं. साडी अशी एक एप्रिलला रद्द होत नाही, हे मी तेव्हा सगळ्या नातेवाइकांना फोन करकरून ऐकवलं.

पण माझ्या मताचं मूळ कूपनात नव्हतं, आईच्या पाटल्यांत होतं. ऊस चांगला गेलेल्या एका वर्षी मामानं भाऊबीजेला तिला दोन पाटल्या घातल्या. त्या मी तिच्या हातात फारशा पाहिल्याच नाहीत. बहुतेक वेळ त्या गहाण असायच्या. आक्काच्या लग्नातलं मांडवाचं देणं, वडिलांचं ऑपरेशन, माझी कॉलेजची फी. सुटायच्या, दोन सण हातात राहायच्या, पुन्हा जायच्या. मनुस्मृतीत स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितलेत, त्यांत भावानं दिलेलं धन हा एक वेगळा प्रकार आहे. मनूशी माझं बाकी फारसं पटत नाही, पण एवढा व्यवहार त्याला कळत होता. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमानं बाईच्या हातातली मालमत्ता पूर्णपणे तिची ठरवली. त्याआधी विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा मिळालाच तर तो हयातीपुरता, विकायची मोकळीक नाही. अशा संसारात भावानं ओवाळणीत घातलेलं सोनं हेच काय ते खात्रीचं. आईला ते गहाण टाकताना कोणाला विचारावं लागत नव्हतं. आता मला सांगा, मामानं त्या वर्षी पाटल्यांऐवजी तिला महाबळेश्वर दाखवून आणलं असतं, तर महाबळेश्वर ठेवून घेऊन माझी फी कोणत्या सराफानं दिली असती?

हा माझा हुकमी एक्का. यावर कोणी काही बोलू शकायचं नाही.

वर्गात जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकी अर्थतज्ज्ञाचा १९९३चा निबंध मी मोठ्या आवडीनं सांगायचो. नाताळात तुम्हाला मिळालेल्या भेटी स्वतःच्या पैशानं घ्यायच्या असत्या तर किती मोजले असते, असं त्यानं विद्यार्थ्यांना विचारलं. उत्तरं खऱ्या किमतीपेक्षा एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंत कमी भरली. तेवढं मूल्य देणाऱ्याच्या खिशातून गेलं आणि घेणाऱ्याला मिळालंच नाही. वर्ग हसायचा. मग मी म्हणायचो, आपली माणसं शहाणी, साडीबरोबर पाकीट देतात. साडीतली तूट पाकिटात भरून निघते. २००३मध्ये लीफ व्हॅन बोव्हेन आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं, की माणसाला वस्तूंवर केलेल्या खर्चापेक्षा अनुभवांवर केलेला खर्च अधिक सुख देतो. तेही वाचलं होतं. पण ज्यांच्या घरात वस्तू आधीच ओसंडून वाहतात त्यांचं हे सुख, असं म्हणून बाजूला सारलं. ते अगदीच चूक नव्हतं. हातात पैसा बेताचा असला की हे चित्र पालटतं, असं पुढच्या अभ्यासांतही दिसलंय.

मतावर पहिला ओरखडा उठायला हवा होता तो आक्काच्या घरच्या लग्नात. आहेराच्या वेळी माझ्या बायकोच्या हातात जी साडी पडली ती मीच आक्काला भाऊबीजेला दिलेली. दुकानाची पिशवी तीच, घडी तीच, फॉल-पिको झालेलं नाही. बायको रात्री हसून हसून बेजार. मी मात्र तिला समजावत होतो की वस्तू फिरती राहणं हे समाजाच्या दृष्टीनं चांगलंच, मार्सेल मॉसनं १९२५ साली यावर अख्खा प्रबंध लिहिलाय. प्राध्यापकाला हरवणं अवघड असतं ते असं.

माझी मुलगी मात्र वाद घालत बसणाऱ्यांतली नाही. एका दिवाळीच्या आधी तिनं मोबाइलवर परस्पर नाटकाची दोन तिकिटं काढली आणि प्रिंट माझ्या हातात दिली. 'या वेळी आत्याला हे द्या. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी प्रयोग आहे, संध्याकाळचा. दोघी आत्या जातील.' मी म्हटलं, अगं, पण तबकात काय घालू? हा प्रश्न मला खरोखरच पडला होता. बहीण पाटावर बसवते, कुंकवाचा टिळा लावते, सुपारी आणि अंगठी उतरवते, निरांजनानं ओवाळते, आणि मग भावाचा हात खिशात जातो. त्या क्षणी तबकात वजन पडावं लागतं. मी त्या कागदाची चौघडी केली, त्यावर शंभराच्या नोटा ठेवल्या आणि वर एक रुपयाचं नाणं. नाणं घरंगळून निरांजनाला अडलं. आक्कानं कागद उलगडला, चष्मा शोधून आणून वाचला आणि विचारलं, 'आणि स्वयंपाकाचं काय?'

आक्का लग्न होऊन सांगलीत गेली. सांगली म्हणजे नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर'चा प्रयोग केला तो इथंच, आणि त्याचीच आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. खाडिलकर इथलेच, देवल शेजारच्या हरिपूरचे. नाट्यगृह तिच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. आणि सून म्हणून, आई म्हणून, मग आजारी सासूची आणि पुढे दाजींची शुश्रूषा करणारी म्हणून नांदताना तिनं तिथं नाटक पाहिल्याचं तिला आठवत नव्हतं. कोणी जाऊ नको म्हटलं नव्हतं. प्रयोगाची वेळ आणि कुकर लावायची वेळ एकच, एवढीच अडचण.

तेव्हा स्वयंपाकाचं मी बघतो म्हटलं. दाजींजवळ कोणीतरी थांबायला हवंच होतं, कारण गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. दोघी बहिणी साडेचारलाच तयार होऊन बसल्या. मी पिठलं-भात केला. पिठल्यात गुठळ्या झाल्या. दाजी काही बोलले नाहीत, ताटात बाजूला सारत राहिले. नाटक काही मी पाहिलं नाही.

पण ते मला पाठ आहे. रात्री परत आल्यावर आक्कानं चपला काढल्या आणि पदर खोचून ते आम्हाला करून दाखवलं. सांगितलं नाही, करून दाखवलं. नायकाच्या बापाची चाल, त्याचं खाकरणं, शेजारणीचा किनरा आवाज. मध्येच थांबून तक्रार, 'हल्ली सगळ्यांच्या अंगावर माइक लावलेले असतात. कानाशी येऊन बोलल्यासारखं वाटतं. पूर्वीचा नट शेवटच्या रांगेला आवाज पोचवायचा.' मध्यंतरातला बटाटेवडा गार होता, पण खाल्ला. धाकटी पहिल्या अंकात दोनदा पेंगली, तिची नक्कल झाली. दाजी पाय उशीवर ठेवून इतके हसले की मला टाक्यांची काळजी वाटू लागली. मग दाजींनीच विचारलं, 'तुला हे येतं कुठून?' तेव्हा कळलं, की लग्नाआधी आमच्या गावच्या गणेशोत्सवातल्या नाटकात तिनं काम केलं होतं, आणि नुसती आपलीच नव्हे, सगळ्यांची भाषणं तिला तोंडपाठ होती. एक मुलगी आयत्या वेळी तापानं पडली तर तिचीही भूमिका तिनंच ओढून नेली. मी तेव्हा लहान, मला प्रसादाचे मोदक तेवढे आठवतात. सख्ख्या बहिणीची ही गोष्ट मला साठी उलटल्यावर कळली. इतक्या भाऊबीजा साड्या दिल्या, एकाही साडीबद्दल ती माझ्याशी दोन वाक्यांपुढे बोलली नव्हती. 'छान आहे. रंग पक्का आहे ना?' बस्स.

माझं मत बदललं ते त्या रात्री, आणि नंतर मी नेहमीप्रमाणे त्याला आधार शोधायला लागलो. सिंडी चॅन आणि कॅसी मोगिल्नर यांचा २०१७चा अभ्यास आहे. अनुभवाची भेट मिळाली की देणाऱ्याशी नातं अधिक घट्ट होतं, आणि त्यासाठी देणाऱ्यानं सोबत असायलाच हवं असं नाही, असं त्यांचं म्हणणं. मी घरी पिठलं ढवळत होतो, हे त्यात चपखल बसतं. तरी मला वाटतं, या बायांनी एक गोष्ट मोजली नसावी. तिकिटांना पैसे फार पडले नव्हते. आक्काला खरी मिळाली ती एक संध्याकाळ, जिच्यात तिच्या वाटची कामं दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात होती. भाच्याच्या कूपनात तेवढंच राहून गेलं होतं. खोली होती, नाश्ता होता, दाजींना जिना कोण चढवणार ते नव्हतं.

म्हणून मी अनुभववाल्यांच्या कळपात सामील झालोय असं कोणी समजू नये. इमारतीचा रखवालदार, धुणंभांड्याच्या बाई, पेपरवाला यांना दिवाळीची पोस्त रोखच द्यावी, आणि फटाक्यांच्या आधी द्यावी. कामावरच्या माणसाला बोनसऐवजी 'सहलीचा आनंद' देणाऱ्या मालकाला माझ्या लेखी अजूनही चोरच म्हणतात. आणि ज्या बाईच्या नावावर आजही काही नाही तिला भावानं सोनंच घालावं, गुंजभर का होईना. पाटल्यांबद्दलचं माझं म्हणणं मी मागे घेतलेलं नाही. फक्त आक्काचं घर तिच्या नावावर आहे, पेन्शन तिच्या खात्यात येते, आणि कपाटाचं दार खांदा लावल्याशिवाय लागत नाही. तिला गहाण टाकायला काही नको होतं. आईच्या गरजेची ओवाळणी मी तिच्या तबकात घालत आलो होतो, एवढंच.

फसलेल्या अनुभवाचं काय, हेही मला विचारतात. साडी आवडली नाही तर ती विसरता येते. फसलेली सहल फसलेल्या वस्तूपेक्षा जास्त काळ सलते, असंही एका संशोधनात निघालंय. असेल. आमच्या घरी तरी दिवाळीत तारकर्लीला जाताना घाटात उपाशी अडकलेली मंडळी ती गोष्ट दरवर्षी नवं तिखटमीठ लावून सांगतात आणि दरवर्षी गाड्यांची रांग मैलभर वाढते.

आक्का आता स्वतःच फर्माइशी सोडते. एसटीत बायकांना २०२३पासून अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडली की तिकीटच नाही, तेव्हा प्रवासखर्चाची सबब तू सांगू नकोस, असं तिनं मला आधीच बजावलंय. या वेळी तिला डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला यायचंय. भीमसेन जोशींनी १९५३ साली तो गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला, तेव्हापासूनची तिची इच्छा असावी असा तिचा सूर असतो, म्हणजे जन्माच्या आधीपासूनची. भाऊबीज तोवर उधार. दाजींजवळ थांबायला त्या कूपनवाल्या भाच्यानं रजा टाकलीय आणि मी त्याला फोनवर पिठल्याची कृती सांगितलीय.

धाकटी मात्र ऐकत नाही. ती म्हणते, 'तुमचं ते नाटक-गाणं आक्काला द्या. मला साडीच हवी, अंजिरी रंगाची. आणि दादा, या वेळी फॉल-पिको करून आण.' पिकोवाला म्हणतो, दिवाळीच्या तोंडावर आठ दिवस लागतील.