किलोत मोजलेला वाघ

नागपूर

चि. बाळू,



तू पाठवलेला व्हिडिओ काल रात्री पुन्हा पुन्हा पाहिला आणि मग झोपच लागली नाही. सफारीच्या जिप्सीत उभा राहून तू पाहुण्यांना सांगतोस, "हा तीनशे किलोचा आहे, आफ्रिकेतला सिंह याच्यापुढे काहीच नाही." मागून कुणीतरी टाळी वाजवतं. वाघाकडे पाहिलंस का रे तू? कान मागे पाडून तो दोन गाड्यांच्या मधून निघायला वाट शोधत होता. दादाच्या पोराला हे दिसू नये? नवेगावच्या पडवीत तुला मांडीवर घेऊन दादा रात्ररात्र काय सांगत होता, ते सगळं वाहून गेलं?

आणि वर मला विचारतोस, "आत्या, सिंह मोठा की वाघ, एकदाचं पक्कं सांग." तर घे. वजनात वाघ पुढे. नेपाळच्या चितवनात संशोधकांनी गुंगीचं औषध देऊन नर वाघ तोलले, त्यांची सरासरी २३५ किलोच्या आसपास भरली. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगरमधल्या नर सिंहांची सरासरी १८७ च्या आसपास. गीरचे नर १६० ते १९० किलोचे. सिंह पायांनी उंच असतो, खांद्याशी वाघापेक्षा वर भरतो, त्यात आयाळ, म्हणून समोरून तो थोराड वाटतो. वाघ अंगानं लांब आणि ठाण बैठं. झालं तुझं उत्तर.

पण हे उत्तर पाहुण्यांना देऊन तू मोकळा होणार असशील तर मला ते दिलंच नाही असं समज. कारण "वाघ" म्हणजे कुठला वाघ? सुंदरबनातल्या वाघिणी तोलल्या तेव्हा पंचाहत्तर-ऐंशी किलोच्या निघाल्या.  सुमात्रातला नर १००-१४० किलोचा. म्हणजे क्रूगरची सिंहीणसुद्धा सुंदरबनच्या वाघिणीपेक्षा कितीतरी जड. आणि सैबेरियाचा वाघ सर्वांत मोठा, हे तू शाळेत पाठ केलंस ना? रशियन आणि अमेरिकन अभ्यासकांनी २००५ मध्ये जुन्या-नव्या नोंदी चाळून पाहिल्या. अलीकडे रानात पकडलेल्या नरांची सरासरी भरली १७६ किलो. भरवसा ठेवावा अशी जुनी सर्वांत मोठी नोंद २५४ ची, आणि ३८४ किलोचा जो वाघ सगळ्या पुस्तकांत फिरतो त्याला पुरावाच नाही. शिकाऱ्यांनी मोठमोठे नर टिपले आणि रानडुकरं, हरणंही कमी झाली, अशी कारणं त्यांनी पुढे मांडली.

मोठ्या आकड्यांचं असंच असतं, बाळू. १९६७ मध्ये उत्तर प्रदेशात मारलेला ३८९ किलोचा वाघ आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पण आदल्या रात्री त्यानं म्हैस खाल्ली होती. एका बैठकीला तीस किलोहून जास्त मांस पोटात जातं, मग काट्यावर वाघ किती आणि म्हैस किती? लांबीचीही तीच गत. शिकारी जिम कॉर्बेटनं १९३० मध्ये मारलेला पवलगढचा वाघ दहा फूट सात इंच, पण अंगाच्या वळणावरून टेप फिरवून. नाकाशी एक आणि शेपटीच्या टोकाशी एक खुंटी ठोकून सरळ मोजला असता तर काही इंच सहज गेले असते. सिंहातसुद्धा असे पराक्रमी आकडे आहेत. १९३६ चा ट्रान्सवालमधला ३१३ किलोचा, १९९३ चा माउंट केनियाजवळचा २७२ किलोचा. यांच्यावरून सिंहाची जात मोजायची नसते.

माझ्या प्रयोगशाळेतले वाघ-सिंहाचे ते दोन जबडे आठवतात? मी टेबलावर ठेवायला लावले होते. सिंहाच्या खालच्या जबड्याची कड गोलसर, बोट लावलं की झुलायचा. वाघाचा सपाट, जागचा हलायचा नाही. कातडं उतरवल्यावर दोघांत असे बारीकसेच फरक उरतात आणि तेही शोधावे लागतात. तू तेव्हा किती वेळ तो जबडा झुलवत बसला होतास! तो मुलगा मला त्या जिप्सीत दिसला नाही.

वाघाचं वजन त्याच्या रानावर ठरतं. पाहुण्यांना हे सांग ना. एक वाघ वर्षाला साधारण पन्नास चितळांएवढी शिकार करतो. कळपातून दहातलं एकच उचललं तर कळप टिकतो, म्हणजे एका वाघामागे पाचशे जनावरं हवीत. ताडोब्यात सांबर आहे, रानगवा आहे, रोही आहे, म्हणून तिथले नर भारदस्त. ते पोसणारं गवत, ते पाणवठे, तो बांबू कोणी बघतच नाही. गाडी थांबते ती वाघासाठी, सांबराच्या कळपाशी कुणी इंजिन बंद केलेलं मी पाहिलं नाही. सिंहाचंही तेच. गीरच्या सिंहांची संख्या २०२५ मध्ये ८९१ भरली म्हणून सगळे खूश, पण ते सगळे एकाच सौराष्ट्रात. २०१८ मध्ये कॅनाइन डिस्टेंपरची साथ आली तेव्हा काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह गेले. सेरेंगेटीत १९९४ मध्ये याच रोगानं सुमारे एक तृतीयांश सिंह नेले. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच सांगितलं होतं, काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोला हलवा. कुनोत २०२२ मध्ये चित्ते आले. सिंह सौराष्ट्रातच आहेत. आणि आपण भांडतोय कोण किती किलोचा यावर!

जय आठवतो ना? आशियातला सर्वांत मोठा वाघ म्हणून केवढी जाहिरात झाली. उमरेडला नुसती रीघ. गळ्यात कॉलर असून २०१६ च्या एप्रिलनंतर तो दिसला नाही, कुठे गेला ते आजवर कळलं नाही. मोठेपणाची दवंडी पिटून त्या वाघाचं काय भलं झालं, सांग. त्याच उमरेड-कऱ्हांडल्यात २०२४ च्या शेवटच्या दिवशी वाघीण आणि तिच्या बछड्यांना गाड्यांनी दोन्ही बाजूंनी कोंडलं, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं आपणहून दखल घेतली. तुझ्या व्हिडिओत पाच गाड्या आहेत. मी मोजल्या. त्यातली एक तरी मागे घ्यायला तू सांगायला हवं होतंस. मालक रागावेल, बक्षिसी बुडेल, हे मला कळतं. बुडू दे.

आणि वहिनीला यंदा मोहफुलं वेचायला एकटी जाऊ देऊ नकोस. वाकून वेचणारं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, हे तुला मी सांगायला नको. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाहीकडे तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी गेल्या, तेव्हापासून वहिनीचा फोन उशिरा आला की माझा जीव खालीवर होतो. तिला सांग, चौघी-पाचजणींत जा, बोलत राहा, उजाडल्याशिवाय निघू नका. तूही अंधार पडल्यावर मोहर्लीहून चंद्रपूरला मोटारसायकलनं येत जाऊ नकोस. शेवटची बस चुकली तर गेटवरच मुक्काम कर आणि मला कळव, कितीही वाजले तरी मी फोन उचलेन.

तुझी,
आत्या