नव्वद हजारांची म्हातारी

जुनी बुलेट घेणाऱ्याला आपल्याकडे शौकीन म्हणतात. जुनी फियाट घेणाऱ्याला व्हिंटेजवाला. जुनी स्कूल बस घेणाऱ्या बाईला काय म्हणायचं, यावर आमच्या ऑफिसच्या ग्रुपमध्ये रीतसर मतदान झालं. ‘वेडी’ पहिल्या नंबरावर आली, ‘पार्किंग कुठे करणार?’ दुसऱ्या.

प्रश्न रास्त होता. १५ सप्टेंबर २०२३ ला मुंबईत बेस्टची शेवटची डिझेल डबलडेकर निघाली, तेव्हा लोकांनी तिला हार घातले, सेल्फी काढले, डोळे पुसले. घरी मात्र कुणी नेली नाही. बस ही अशीच चीज आहे. आठवणी सगळ्यांच्या, जागा कुणाकडेच नाही.

माझ्याकडे जागा होती. होटगीला.

होटगी तुम्ही बहुतेक झोपेत पाहिलं असेल. मुंबई-चेन्नई मेन लाईनवर, सोलापूरच्या जरासं पुढे. इथून विजापूर-गदगचा फाटा फुटतो. १८८० च्या दशकातली ती मीटरगेज लाईन या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रॉडगेज झाली. आमच्या लहानपणी छोटी आणि मोठी गाडी शेजारी शेजारी उभ्या दिसायच्या. होटगी गाव वेगळं, होटगी स्टेशन वेगळं. घरात कन्नड, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही. सिमेंटची फॅक्टरी, ज्वारीची रानं आणि उन्हाळ्यात असं ऊन, की पुण्याचा मे महिना हिल स्टेशन वाटावा.

आमची शाळा सोलापुरात. अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास. मुलगे पॅसेंजरला लटकून किंवा एसटीने जायचे. मुलींना सातवीनंतर ‘कशाला एवढ्या लांब’ हे उत्तर तयार असायचं. त्यात १९९१ ची एक टाटा ४०७ आली, खासगी मालकाची. ड्रायव्हर माझे मामा. आणि गावातले बाप म्हणू लागले, “मामांच्या गाडीतनं जाणार असंल तर जाऊ दे.”

मी पहिलीत, म्हणजे १९९४ साली, त्या बसमध्ये होटगीच्या आम्ही तीन मुली होतो. दहावीत गेले तेव्हा चौदा. त्यातल्या एकीला आठवीतच घरी बसवलं होतं. मामांनी तिच्या दारासमोर सलग चार दिवस सकाळी गाडी उभी केली. भांडण नाही, उपदेश नाही. दोन हॉर्न, पाच मिनिटं थांबायचं, निघायचं. पाचव्या दिवशी ती दप्तर घेऊन आली. आज ती नर्स आहे. ती बस म्हणजे आमच्यासाठी वाहन कमी आणि परवानगी जास्त होती.

२००९ च्या सुमारास मालकाने गाडी विकली. दोन-तीन हात बदलत ती कुठे गेली, ते कळलं नाही. मग डिसेंबर २०२४ मध्ये मामांच्या एका ड्रायव्हर दोस्ताने फोटो पाठवला. यवत-चौफुल्याच्या पट्ट्यात एका गुऱ्हाळामागे आमची बस उभी. हिरवा रंग मारलेला, काचांच्या जागी पत्रे. नंबर मात्र तोच.

काट्यावरची किंमत

गुऱ्हाळवाले सज्जन होते आणि व्यवहारी होते. भंगारवाल्याने वजनाच्या हिशेबाने अठ्ठ्याहत्तर हजार सांगितले होते. मी नव्वद म्हटलं आणि चहा आला. चहाबरोबर ताज्या गुळाचा खडा. जानेवारीत गुऱ्हाळावर सौदा करण्याचा हा फायदा.

घाई एकाच गोष्टीची होती. फिटनेस सर्टिफिकेट संपायला नऊ दिवस राहिले होते. ते संपल्यावर गाडी रस्त्यावर आणता आली नसती, ट्रेलरवर लादून न्यावी लागली असती. तुम्हालाही कधी असा किडा चावला, तर आधी कागद बघा. आरसीवरचा चेसी नंबर प्रत्यक्ष चेसीवर वाचून घ्या. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत न्यायची तर फॉर्म २८ ची एनओसी. इन्शुरन्स आणि पीयूसी चालू हवं. लायसन्सचं म्हणाल, तर साडेसात हजार किलोच्या आतलं वाहतुकीचं वाहन साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. ४०७ त्याच वजनात बसते.

आणि हो, कायद्याने ही गाडी व्हिंटेज नाहीच! केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकीच व्हिंटेज. तिला नंबर प्लेटवर ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. आमची नुसतीच म्हातारी.

खानदान मात्र तगडं. १९८६ मध्ये टेल्कोने ४०७ आणली, तेव्हा बाजारात जपानी भागीदारीतल्या छोट्या ट्रकांची फौज होती : डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निसान, स्वराज-माझदा, आयशर-मित्सुबिशी. तरी ४०७ गावोगाव पोचली. ऊस, भाजी, वऱ्हाड, गणपती आणि आम्ही, सगळ्यांना तिनेच वाहिलं. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, इलेक्ट्रॉनिक्स शून्य. बिघडली की रस्त्याकडेला उघडायची.

चाळीसच्या स्पीडने सोलापूर

निघालो सकाळी सहाला. मामा स्टिअरिंगवर, मी शेजारी, पायाशी पाण्याचे दोन कॅन. मामा त्रेसष्ट वर्षांचे. त्यांचं लायसन्सही त्याच वर्षी संपणार होतं.

पुणे-सोलापूर हायवे आपण नेहमी शंभरच्या स्पीडने संपवतो. चाळीसने गेलात तर तो रस्ता दिसतो. पाटसच्या टोलवर फास्टॅग नसल्याने दुप्पट पैसे मोजले. भिगवणला उजनीच्या पाण्याकडून गार वारा आला. जानेवारीत इथे फ्लेमिंगो बघायला अख्खं पुणं कॅमेरे घेऊन येतं. आम्ही रेडिएटरच्या फुटलेल्या होजकडे बघत बसलो. जवळच्या गॅरेजमध्ये दुसऱ्या गाडीचा होज कापून बसवला. मामा म्हणाले, “हीटर फुकट दिलाय, आजून काय पायजे?”

इंदापूर गेलं, हिंगणगावला भीमा ओलांडली. टेंभुर्णीला मामांनी गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरून माझ्या दाराशी आले. “काय बघालीस? सरक तिकडं. चालव.”

पॉवर स्टिअरिंग नाही. वळण घेताना आधी खांदे वळतात, मग गाडी. गिअर बदलताना क्लच असा दाबावा लागतो, की जिमचे पैसे वसूल. पहिली दहा किलोमीटर मला घाम फुटला होता, नंतर मजा यायला लागली. आणि मोडनिंबच्या अलीकडे गाडीने दोन आचके देऊन प्राण सोडला.

वर्षानुवर्षं टाकीत बसलेला गाळ फिल्टरपर्यंत आला होता आणि पंपाने एअर धरली होती. मामांनी फिल्टर काढून डिझेलमध्ये धुतला, परत बसवला. मग त्याच्या डोक्यावरचा स्क्रू सैल केला आणि मला हातपंप दाबायला बसवलं. आधी नुसते बुडबुडे, मग फेस, मग स्वच्छ डिझेलची धार. “आता आवळ.” सेल्फ मारला, दोनदा खोकली आणि सुरू झाली. अंगठ्यावर फोड आला होता. ऑफिसात एवढ्या वर्षांत इतकं स्पष्ट ‘सोल्यूशन’ मला एकदाही मिळालेलं नाही.

मोहोळ ओलांडून लांबोटीला सीनेच्या काठी थांबलो. इथला चिवडा न घेता पुढे गेलेला सोलापूरकर अजून जन्मायचाय. सोलापुरात शिरलो तेव्हा दिवे लागले होते, गड्ड्याच्या यात्रेची गर्दी होती. आसरा चौकातून होटगी रोडला लागलो. पूर्वी या रस्त्यावर सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी दिसली, की घर आलं समजायचं. विमानतळाच्या उड्डाणांसाठी ती १५ जून २०२३ ला पाडली. मामांनी सवयीने तिकडे बघितलं, बोलले काही नाहीत. आम्ही आल्यावर पाच महिन्यांनी, जून २०२५ मध्ये, त्याच विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं.

घराच्या वळणावर मामांनी दोन हॉर्न दिले. शेजारच्या काकू बाहेर आल्या. कोण आलंय हे त्यांना गाडी न बघताच कळलं होतं.

पापुद्र्याखाली पापुद्रा

पुढचे आठ महिने माझे वीकेंड सोलापूरच्या गाडीत गेले. बॉडीचा सांगाडा ठीक होता, खालचा पत्रा मात्र हाताने तुटत होता. फरशी काढली तर लाकडाचा भुसा. कमानपाटे खोलून परत बसवले, ब्रेकचं काम पूर्ण नवं केलं, डिझेल पंप कॅलिब्रेट करून घेतला.

पत्र्याचं काम करायला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून एक मिस्त्री यायचे. साठीचे, कन्नड बोलणारे. कोपऱ्याचा गोल पत्रा ते कुठल्याही साच्याशिवाय, लाकडी हातोडीने ठोकून काढायचे. मी “अजून थोडं?” विचारलं, की उत्तर एकच : “साकु.” पुरे. एक काळ त्यांनी अख्ख्या बसच्या बॉड्या बांधल्या. बस बॉडी कोड आल्यापासून नवी बॉडी मान्यता असलेल्या ठिकाणीच बांधायची असते. त्याला कारणही पक्कं आहे. सीट उखडणं, छत चेपणं, दार न उघडणं यांत माणसं जातात. मिस्त्रींनाही ते मान्य आहे. पण त्यांच्या हातातलं काम शिकायला आता कुणी येत नाही. त्यांचा मुलगा फूड डिलिव्हरी करतो.

रंग घासताना हिरव्याखाली पांढरा निघाला आणि पांढऱ्याखाली आमचा मूळ क्रीम रंग, खिडक्यांखाली निळा पट्टा. मागच्या दारावर ब्रशने लिहिलेलं ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ अजून वाचता येत होतं.

इथे वाद पेटला. सगळ्यांना पिवळी हवी होती. स्कूल बस म्हणजे पिवळीच, नाही का? ही पिवळ्याची गोष्ट अमेरिकेतली. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला फ्रँक सायर नावाच्या प्राध्यापकाने बैठक बोलावली, तिथे स्कूल बसचे नियम आणि रंग ठरला. पहाटेच्या अंधुक उजेडात पिवळ्यावरची काळी अक्षरं चटकन दिसतात, म्हणून. महाराष्ट्रात २०११ च्या स्कूल बस नियमावलीने पिवळा सक्तीचा केला. आमची बस त्याच्या कितीतरी आधीची. शिवाय आज पिवळा रंग ही रस्त्यावरच्या बाकीच्यांना दिलेली सूचना आहे : आत मुलं आहेत, जपून. शाळेच्या कामावर नसलेल्या गाडीने ती का द्यावी? म्हणून क्रीम आणि निळा. पेंटर काकांनी मागची अक्षरं पुन्हा हातानेच लिहिली. सीटना सोलापुरी चादरीची कव्हरं शिवली. बसल्यावर जरा टोचतात, पण दिसतात सही!

खर्च? गाडी धरून तीन लाख चाळीस हजार. एवढ्यात एक बरी सेकंडहँड कार आली असती. आईने हे मला आतापर्यंत अकरा वेळा सांगितलंय.

मग आता?

फिटनेस मी रिन्यू केलं नाही. या वयाच्या गाडीची तपासणी आणि फी परवडवायची, तर ती कमाईला लावावी लागेल. आणि आजच्या मुलांना तीस वर्षांपूर्वीच्या ब्रेक आणि सीटच्या भरवशावर शाळेत पाठवणं मला पटत नाही. आरटीओत ‘नॉन-यूज’चं कळवलं आणि गाडी आमच्या रानात, लिंबाखाली उभी केली. मामांनीही ऑक्टोबरमध्ये लायसन्स रिन्यू केलं नाही. एक डोळा आता साथ देत नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं.

बस उभी राहिली म्हणजे संपली असं नाही. १९८८ मध्ये बीना शेठ लष्करी आणि रजनी परांजपे यांनी मुंबईत सुरू केलेल्या ‘डोअर स्टेप स्कूल’ने पुढे बसमध्येच वर्ग भरवला. ज्यांना शाळेपर्यंत जाता येत नाही, त्यांच्या वस्तीपर्यंत तो चालत जातो. आमची म्हातारी चालत जाणार नाही, पण तिच्यात तीनशे पुस्तकं मावली. दर रविवारी दहा ते एक दार उघडं असतं. मामा ड्रायव्हर सीटवर बसून पेपर वाचतात आणि पुस्तक परत न आणणाऱ्याच्या घरासमोर जाऊन उभे राहतात. जुनी सवय!

सगळ्यात मोठी गर्दी शेवटी होते. एक वाजता मामा इंजिन सुरू करतात, पाच मिनिटं, बॅटरी मरू नये म्हणून. त्या दिवशी ज्या मुलीने पुस्तक वाचून संपवलं असेल, तिने सेल्फ मारायचा. गेल्या महिन्यात एअर काढायलाही दोघी शिकल्या.

जायचंय?

पुण्याहून सोलापूरला भरपूर गाड्या आहेत. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारतही पुण्यावरून धावते. सोलापुरातून होटगी रोडने पुढे. थंडीत जा. जानेवारीत सोलापुरात गड्डा यात्रा आणि नंदीध्वजांची मिरवणूक, वाटेत भिगवणचे फ्लेमिंगो, परतताना शेंगाचटणी आणि कडक भाकरी. रविवारी आलात, तर मुलांना चालेल असं एक मराठी किंवा कन्नड पुस्तक घेऊन या.